डोळे मिटून कापलेलं सिम

मी एकदा डोळे मिटून सिम कापलं.

म्हणजे खरोखरच मिटले होते. चष्मा घरी राहिला, वीज गेली, हात थरथरला, यातलं काहीही झालं नव्हतं. भर दुपारी, दुकानात चांगला उजेड असताना, गिऱ्हाइकांसमोर मी आपणहून डोळे मिटले आणि कटर दाबला. का, तर मला तसंही येतं हे दाखवायला. माझी मुलगी तेव्हा बाळंतपणाला आली होती. म्हणजे मी आजी व्हायच्या बेतात होते आणि अक्कल अजून बालवाडीत होती.

तेव्हा पोटात असलेली ती नात आता मला शिकवते. परवा म्हणाली, "आजी, नवीन फोनात सिमच नसतं. सगळं आतल्या आत." मी म्हटलं, "बरं झालं बाई. जे नाहीच त्याला कात्री तरी कोण लावणार?" ती हसली. तिला वाटलं, आजी नेहमीसारखी काहीतरी बोलली.

पोलादपुरात एसटी स्टँडच्या खालच्या अंगाला माझं दुकान होतं. आधी पिवळ्या पाटीचा फोन बूथ, मग रिचार्ज, मग कव्हरं, चार्जर आणि सिम. आमचे हे एसटीत कंडक्टर. ते म्हणायचे, "आपल्या दोघांचाही धंदा एकच. मी तिकिटाला भोक पाडतो, तू सिमला." मी रागवायचे. भोक पाडणं वेगळं आणि कापणं वेगळं. त्या वेळच्या मला कशाचाही राग येत असे आणि कशाचाही गर्व होत असे.

आता हे काम कुणाला आठवतही नसेल, म्हणून सांगते. पूर्वी फोनात जायचं ते सिम चांगलं पेराएवढं असे, एक कोपरा तिरका. त्यावर एक सोनेरी चकती. जीव काय तो त्या चकतीत, बाकी नुसतं प्लास्टिक. मग नवे फोन आले आणि त्यांच्या खाचा बारीक झाल्या. माणसाचा फोन नवा, नंबर मात्र जुना, सगळ्या गणगोताला पाठ झालेला. कंपनीकडून लहान सिम बदलून मिळायचं. पण ज्याच्या नावावर सिम, त्याने स्वतः कागद घेऊन जायला हवं. त्यापेक्षा काकीकडे, म्हणजे माझ्याकडे, येऊन कापून घेणं सोपं.

सुरुवातीला मी पेन्सिलीने रेघा मारून साध्या कात्रीने कापत असे आणि कडा नखांच्या कानशीने घासत असे. पुढे मुंबईहून कटर मागवला. दिसायला स्टेपलरसारखा, पण दणकट. तिरक्या कोपऱ्याला तिरका कोपरा जुळवून सिम खाचेत बसवायचं आणि दाबायचं. 'कट्' असा आवाज येतो, लहान सिम खाली पडतं आणि हातात उरते रिकामी चौकट. त्याहूनही लहान हवं असेल तर पुन्हा कात्री, आणि पाठीवरून काचपेपर, कारण ते जाडीलाही कमी लागतं. एवढंच. फक्त सोनेरी चकतीला पातं लागता कामा नये. लागलं की संपलं. फाटलेल्या परकराला टाका घालता येतो, सिमला येत नाही.

माणसं घाबरायची. "काकी, सिम अर्धं झालं म्हणजे आतले नंबर पण अर्धे होतील काय?" "आवाज बारीक येणार नाय ना?" वरंधचे एक आजोबा तर कापलेली चौकटही मागून घेऊन गेले. म्हणाले, "माझ्या वस्तूचा तुकडा तुझ्याकडं कशाला? उद्या कोणी करणी केली तर?" बाकीच्यांच्या चौकटी मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत असे. डबा हलवला की खुळखुळ वाजे. गिऱ्हाइक नसलं की मी तो उगाच हलवत बसे. एवढ्या माणसांचे नंबर माझ्या हातून गेले, असं वाटून बरं वाटे.

कापलेलं सिम चालतंय का ते बघायला माझ्याकडे एक जुना फोन ठेवलेला होता. त्या फोनाबद्दल मात्र मी तेव्हाही थट्टा करत नसे. बंद पडून राहिलेलं सिम त्यात घातलं, की फोन जरा वेळ गप्प राहतो आणि मग एकामागून एक मेसेज पडू लागतात: अमक्याने फोन केला होता, तमक्याने फोन केला होता. महाडात पूर येऊन गेला की चिखलाने भरलेले फोन घेऊन माणसं येत. फोन मेलेला असे, पण सिम पुसून ह्या फोनात घातलं की बोलू लागे. एकदा एक बाई नवऱ्याचं सिम घेऊन आली. तो जाऊन महिना झाला होता. सिम लहान करून मुलाच्या फोनात घालायचं होतं. मी कापलं, फोनात घातलं, आणि टिंग, टिंग, टिंग. थांबेचना. सगळे मिस्कॉल एकाच नंबरावरून, सगळे तो गेल्यानंतरचे. मी नंबर वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझाच हाय." मग तो फोन गप्प होईपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

असा हा धंदा. आता भागामावशीचं सांगते.

आमच्या भागात एक रीत आहे. कशेडीचा घाट उतरला की ड्रायव्हरने घरी एक मिस्कॉल द्यायचा. घरच्यांनी तो उचलायचा नाही आणि उलटा फोन तर मुळीच लावायचा नाही, कारण माणूस गाडीवर असतो, एक हात स्टेअरिंगवर. फोन एकदा वाजून गप्प झाला की समजायचं, सुखरूप उतरला. मग बाई तव्यावर भाकरी टाकणार. आता बोगदा झाला, घाट पहिल्यासारखा राहिला नाही, पण पोरं अजून मिस्कॉल देतात.

भागामावशीची वाडी घाटाच्या वरच्या अंगाला. तिच्या खळ्यातून रस्त्याची वळणं दिसत आणि अंधार पडू लागला की गाड्यांचे दिवे मुंग्यांसारखे चालत. तिचा एकुलता मुलगा गणू ट्रक चालवायचा. महाडच्या कारखान्यांतून माल भरून खाली खेडच्या बाजूला न्यायचा. आईला फोन आणि सिम त्यानेच घेऊन दिलेलं, सिम स्वतःच्या नावावर. मावशीला अक्षरओळख नव्हती. दुसऱ्या कुणाचा फोन तिच्यावर येत नसे. मुंबईच्या नातेवाइकांचे फोन शेजारच्या घरी येत. तिचा फोन होता फक्त त्या एका रिंगेसाठी.

एका पावसाळ्यात घाटात दरड आली. गणूची गाडी खाली ओढ्यात सापडली. गणू सापडला नाही. वाडीतल्या माणसांनी पाणी ओसरेपर्यंत शोधलं, काही हाती लागलं नाही. मग वडीलधारी मंडळी मावशीकडे बसली. म्हणाली, पोराचे दिवस करायला हवेत. मावशी म्हणाली, "घाट उतरलेल्या माणसाचं सुतक कोण धरतं? काल दिवेलागणीला आला की त्याचा मिस्कॉल."

त्यानंतर ती रोज हेच सांगायची. येतो गो त्याचा. एक रिंग. उचलत नाय मी.

त्या वेळची मी मोठी शहाणी. ह्यांना म्हटलं, "म्हातारी भ्रमली बिचारी." हे म्हणाले, "भ्रमू दे. तेवढ्यावर जगते ती." हे वाक्य त्या दिवशी माझ्या लक्षात राहिलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढच्या वर्षी श्रावणात मावशी दुकानात आली. जुन्या फोनाची बॅटरी फुगून फोन उघडा पडला होता. जावेच्या मुलाने मुंबईहून स्वतःचा वापरलेला टचफोन धाडला होता, त्याला लहान सिम लागत होतं. तिने पदराची गाठ सोडली, तो फोन आणि सिम काउंटरवर ठेवलं आणि सिमवर तळहात ठेवून म्हणाली, "नंबर हाच ऱ्हायाला हवा गो बाय. त्याला हाच पाठ हाय."

"मावशी, अगदी निश्चिंत राहा," मी म्हटलं.

तेव्हा दुकानात हिरकणीवाडीचा बबन बसलेला होता. गडावर गाइडचं काम करायचा. कुणा पर्यटकाकडून जुना भारीतला फोन घेतला होता आणि त्याचं सिम मी नुकतंच कापून दिलं होतं. जन्मभर लोकांना गडाच्या गोष्टी रंगवून सांगितलेला माणूस. तो मावशीला म्हणाला, "आजी, घाबरू नका. ह्या काकी डोळे मिटून कापतात."

खुर्च्यांवर बसलेल्या दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं. झालं. त्या बाईला, म्हणजे त्या वेळच्या मला, एवढं पुरे होतं. मी सिम खाचेत बसवलं, मान ताठ केली, देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटले आणि दाबलं.

'कट्' वाजलं नाही. 'कर्र' वाजलं.

सिम खाचेत सरकलेलं होतं. डोळे उघडले तेव्हा सोनेरी चकतीचे दोन तुकडे माझ्यासमोर पडले होते.

मावशीने पाहिलं नव्हतं. ती दाराशी जाऊन घाटाकडे बघत उभी होती. वर धुकं बसलं होतं, काही दिसत नव्हतं, तरी बघत होती. बबन माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "काकी, सांगून टाका तिला."

"तू गप. तूच म्हणालास ना, डोळे मिटून?"

"मी म्हटलं म्हणून तुम्ही मिटलेत?"

सांगून तरी काय टाकणार? त्या नंबराचं दुसरं सिम मिळायला गणू स्वतः यायला हवा होता. नंबर गेला तो गेलाच. ज्या एका रिंगेवर ती बाई जगत होती, ती यायची वाटच मी कापली होती. माझ्या लेखी ती रिंग तिच्या मनातली होती, हे खरं. पण मनातल्या रिंगेलासुद्धा एक चालू फोन लागतो.

माझ्या गल्ल्याच्या खणात माझ्याच नावावरचं एक जादा सिम पडून होतं. कधी वापरलेलं नव्हतं. त्याचा नंबर मी कुणालाही दिला नव्हता, मलाच तो पाकिटावर बघावा लागला. मोडलेले तुकडे बिस्किटाच्या डब्यात लपवले, डोळे चांगले उघडे ठेवून ते जादा सिम कापलं आणि मावशीच्या फोनात घातलं. मग दुकानाच्या फोनावरून तिच्या फोनावर एक रिंग दिली आणि तोडली.

फोन वाजला, गप्प झाला. मावशी दारातून परत आली, त्याच्यावर हात ठेवला, पण उचलला नाही. "चालू हाय?" तिने विचारलं.

"चालू आहे."

"नंबर तोच?"

"तोच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग फोन पदरात बांधला आणि गेली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी तिला एक रिंग देऊ लागले. पूर्वी तिला भास व्हायचा, पुढेही होईलच, असं मानून गप्प बसता आलं असतं. पण भास झाला नाही तर? फोन नुसताच पडून राहिला तर? दुकानात निरांजन लावायचं, उदबत्ती ओवाळायची आणि लगेच तो नंबर लावायचा. एकदा वाजलं की तोडायचं. हे चेष्टा करायचे, "कुणाला गं रोज खुणा करतेस?" मी खरं सांगितलं. ते आपला कंडक्टरचा पितळी बिल्ला पुसत म्हणाले, "गेलेल्या माणसाची ड्यूटी करतेस. जपून कर. तो आला म्हणजे ड्यूटीचा चार्ज त्याच्या हाती परत द्यावा लागेल."

मी हसले. नंतर निजताना मात्र पांघरूण पायाखाली खोचून घेतलं.

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. पाऊस ओसरला होता, पण धुकं बाजारपेठेपर्यंत उतरत होतं. त्या दिवशी मला जरा उशीर झाला. निरांजन लावलं, नंबर लावला आणि कानात रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज आला: आपण लावलेला नंबर दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

मी फोन कानापासून दूर धरून बघितला. नंबर बरोबर होता. माझ्याशिवाय तो जगात कुणालाही ठाऊक नव्हता, मावशीला स्वतःलासुद्धा नव्हता. पुन्हा लावला. या वेळी वाजला. मी घाईने तोडला. टॉवरचा गोंधळ, मी स्वतःला सांगितलं. धुक्यात टॉवर असलं काहीबाही करतात. कंपनीचा माणूस आला की विचारू. तो आला तेव्हा विचारलं नाही. तो काय सांगेल याची मला खात्री नव्हती. त्या दिवसानंतर मी उशीर मात्र होऊ दिला नाही. उलट निरांजनाच्या आधीच रिंग देऊन मोकळी होऊ लागले. जणू मागून कुणी रांगेत उभं होतं.

मग मी तापाने पडले. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि महाडच्या दवाखान्यात भरती व्हायची पाळी आली. दुकान बंद, दुकानाचा फोन दुकानातच. ताप चढला की मी बडबडत असे, "रिंग द्यायची राहिली, रिंग द्यायची राहिली." नर्सला वाटे, मला बेल हवी आहे; बिचारी बेल जवळ आणून ठेवी. शुद्धीवर आले तरी डोक्यात तेच. वर वाडीत ती बाई खळ्यात बसली असेल. दिवे घाट उतरत असतील आणि फोन वाजत नसेल. पहिल्या दिवशी वाट बघेल. दुसऱ्या दिवशीही बघेल. आणि मग एखाद्या दिवशी म्हणेल, बोलवा मंडळींना, करा पोराचे दिवस. त्याच्या पाठोपाठ तिचेही करावे लागतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. गणूला दरडीने नेलं होतं, पण तिला मी मारणार होते.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हट्टाने दुकान उघडलं. झाडून घेत होते तोच पायरीवर काठी वाजली. भागामावशी. वाडीवरून एवढी उतरण उतरून आलेली, धापा टाकत. माझ्या हातातला झाडू तसाच राहिला.

तिने पदराची गाठ सोडली आणि फोन काउंटरवर ठेवला. अजून दम घेत होती. मला वाटलं, तिला म्हणायचंय, वाजत नाही गो हा, बघ काय झालं. मी काही विचारायच्या आत फोन उचलला आणि मिस्कॉलची यादी उघडली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची यादी कधी कुणी पुसत नाही. सगळं तिथेच होतं.

माझ्या दुकानाचा नंबर होता, रोजचा, दिवेलागणीचा. आणि रोजच्या माझ्या नंबराजवळ आणखी एक ओळ होती. लाल बाण होता, वेळ होती. नंबराच्या जागी काहीच नव्हतं. मी यादी वर सरकवली. मी दवाखान्यात होते त्या दिवसांवर आले. माझा नंबर थांबला होता. कोरी ओळ थांबली नव्हती. एकही दिवस चुकला नव्हता. कालचीही होती.

त्या वेळची मी किती मूर्ख होते त्याचा आणखी एक पुरावा देते. मी खाली वाकले, बिस्किटाचा डबा काढला आणि चौकटींत हात घालून गणूच्या नावावरच्या त्या मोडलेल्या सिमचे तुकडे शोधले. ते एकमेकांना जोडले तर गेले नाहीत ना, हे बघायला. दोन्ही वेगवेगळे होते. सोनेरी कडा तशीच दातरलेली. पण माझ्या हातात आले तेव्हा ते गार होते. डब्यातलं बाकी काहीच एवढं गार नव्हतं.

मी ते तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, "मावशी, हे तुझं सिम. मी कापताना मोडलं. तुझ्या फोनात दुसरंच आहे. रिंग मी देत होते." आणि त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पण हा कोण?" बोट ओळीवर दाबलं जाणार, उलटा फोन लागणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"लावू नको. गाडीवर असंल तो."

मी हात मागे घेतला. तुकडे बघून ती रागावली नाही, तिला नवलही वाटलं नाही. तिने फोन पदरात बांधला, गाठ मारली, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि म्हणाली, "दोन यायचे गो बाय रोज. एक त्याचा, एक तुझा. त्याचा येतोच हाय. तुझा बंद पडला, म्हणून म्हटलं खाली जाऊन बगावं, जिती हायस का गेलीस."